चुलीमागचा मिठाचा डोंगर

माजिवड्याच्या गोविंदाने आयुष्यात एकच अचाट गोष्ट सांगितली, आणि ती खरी होती. हेच त्याचं दुर्दैव. थापा मारणारे गावात पुष्कळ होते आणि त्यांचं छान चाललं होतं. पंढरीने म्हणे खाडीत मगरीच्या पाठीवर उभं राहून जाळं टाकलं होतं. राघो पाटलांच्या आजोबांनी फिरंग्यांच्या गढीचं दार नुसती पाठ लावून उचकटलं होतं. अशा गोष्टींना सगळं गाव मान डोलवायचं. गोविंदाने मात्र सांगितलं, की मीठ जमिनीच्या पोटातून आपण होऊन वर येतं आणि येता येता डोंगर वाकवतं, आणि गावाने त्याला वेड्यात काढलं.

गावाचंही फार चुकलं असं नाही. तिथली पोरं चालायला लागायच्या आधी मिठागराच्या चिखलात बसायला शिकत. मीठ कुठून येतं हे त्यांना काय सांगायचं? भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, वाफ्यांत पसरायचं, उन्हाच्या हवाली करायचं आणि पांढरं धरलं की फळीने ओढायचं. मीठ येतं ते खाडीतून, माणसाच्या कंबरड्यातून. "मीठ म्हंजे काय अलंबं हाय, आपलं आपून उगवाला?" असं पंढरी विचारायचा, आणि पारावरची माणसं हसून हसून लोळायची.

गोविंदा हे पाहून आला होता हुरमूझला. मिसरूड फुटायच्या वयात बांध फोडल्याबद्दल बापाने त्याच्या कानाखाली वाजवली, तेव्हा हा रागाने ठाण्याच्या बंदरातून जो निघाला तो मुंबईला एका अरबाच्या गलबतावरच चढला. खलाशी व्हायचं त्याच्या मनात होतं. पण गलबत वसईपर्यंत जाईतो त्याच्या पोटात काही राहीना, आणि पुढचा सगळा प्रवास त्याने कठड्यावर ओणवं होऊन केला. शेवटी तांडेलाने वैतागून त्याला विचारलं, तुला येतं तरी काय? मीठ, असं गोविंदाने सांगितल्यावर त्याला हुरमूझला उतरवून गलबत निघून गेलं.

हुरमूझ म्हणजे इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं उघडंबोडकं बेट. झाड नाही, गवताची काडी नाही, आणि पाऊस म्हणाल तर वर्षात चुकून कधी शिंतोडे. सगळा डोंगरच मिठाचा, कुठे पांढरा, कुठे तांबडा. त्याच्या कडेने खडकाचे थर. एरवी थर कसे आडवे निजलेले असावेत. इथले उभे उठलेले, काही कमरेत वाकलेले, काही तर पार पालथे पडलेले. तिथे गोविंदाला गेरू खणायचं काम मिळालं. त्याच्याबरोबर खणणाऱ्या एका म्हाताऱ्या बलुच्याने त्याला हे कोडं उलगडून सांगितलं, तेही हातवारे करून, कारण दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. मीठ खूप खोल पुरलेलं असतं. त्याच्या उरावर खडकाचं ओझं. मीठ खडकाहून हलकं, आणि एवढ्या ओझ्याखाली ते ताठ न राहता मऊ पडतं, सरकायला लागतं. वरचा खडक जिथे कच्चा असेल तिथून ते वर घुसतं, माणसाच्या कळण्याच्या पलीकडे सावकाश, आणि घुसताना आजूबाजूचे थर कडेने उचलतं, दुमडतं, बाजूला सारतं. म्हाताऱ्याने हे सगळं स्वतःची एक मूठ आणि स्वतःचं पागोटं एवढ्यावर दाखवलं. त्याला ते कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

गोविंदाला मात्र पटलं. त्याने त्या वाकलेल्या खडकांवरून हात फिरवून पाहिला होता. जन्मभर आपण ज्याला पायाखाली तुडवत आलो ते मीठ इथे डोंगर उचलतंय, या विचाराने त्याला तिथेच रडू फुटलं होतं.

गावी परतल्यावर त्याने लोकांना समजावण्यात काही कसूर ठेवली नाही. पागोटं नव्हतं, पण गोधड्या होत्या. अंगणात एकावर एक गोधड्या अंथरायच्या, हे झाले खडक. त्यांच्या खाली गोपीनाथला, म्हणजे गावातल्या सगळ्यांत गुटगुटीत माणसाला, पालथं घालायचं. हे झालं मीठ. मग "उठ, सावकास उठ," असं गोविंदा ओरडायचा, गोपीनाथ कोपरांवर उठायचा, गोधड्या फुगायच्या, कडेने दुमडून उभ्या राहायच्या. अगदी हुबेहूब हुरमूझ. पण लोक खडक सोडून गोपीनाथलाच बघायचे. एकदा तर तो खालीच झोपी गेला, आणि डोंगर घोरतोय म्हणून बायका पदर तोंडाला लावून पळाल्या.

लग्न झाल्यावर त्याने बायकोला सांगितलं. आवडा कोलशेतची, तीही मिठागरातलीच. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग हसायला लागली ती उचकी लागेपर्यंत. "खोटारडं मानूस!" ती म्हणाली. तेव्हापासून त्याचं घरातलं नावच ते पडलं. आमटी आळणी आहे म्हणाला, खोटारडं मानूस. पाय दुखतोय म्हणाला, खोटारडं मानूस. शेळी व्यायली असं त्याने ओरडून सांगितलं तेव्हाही ती आधी ते म्हणाली आणि मग शेळीकडे धावली. गोविंदा पारावरच्या हसण्याला सरावला, पण आवडाचं बोलणं त्याला लागायचं. एकदा, फक्त एकदा, हिने म्हणावं की माझा नवरा खरं बोलतो, एवढीच त्याची आस होती. ती मनात घेऊन तो म्हातारपणाकडे झुकला.

आणि अशात त्याच्या घरात डोंगर उगवला.

त्याचं झालं असं. जुनं घर वादळात गेलं तेव्हा गोविंदाने नवीन बांधलं, आणि जमिनीसाठी माती आणली ती थेट मिठागरातून. इतर लोक शेतातली तांबडी माती आणत. पण मिठागराच्या वाफ्याचा तळ कसा बसतो हे गोविंदाने जन्मभर पाहिलेलं. ओला चिखल पसरायचा, माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीने उभं राहायचं आणि टाचेने तो तुडवत जायचं, दिवसेंदिवस, इतका की वर पाणी ठेवलं तरी खाली थेंब झिरपू नये. असली जमीन राजाच्या घरात नसेल, असं म्हणून त्याने आवडाला, मुलगी बायजाला आणि गोपीनाथला जुंपलं आणि घरभर वाफ्यासारखा तळ तुडवून घेतला.

जमीन झाली खरी खणखणीत. पण जी माती पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्याली ती चुलीची ऊब लागल्यावर काय गप्प बसते? पहिल्याच हिवाळ्यात तिच्यावर पांढरी लव आली. आवडा शेणाने सारवायची, दुसऱ्या दिवशी सारवण पापडासारखं सुटून यायचं. त्यातच पाण्याचा डेरा चुलीमागे, तो कायम पाझरायचा. आणि डेऱ्याखाली एक घूस राहायला आली होती. आता घुशीचा धंदाच पोखरून माती वर सारण्याचा. चुलीमागे जमीन फुगली, फुगत फुगत परातीएवढी झाली, तडकली, आणि तड्यांतून चक्क मिठाचे पांढरे खडे चमकू लागले.

गोविंदाने ते पाहिलं आणि गुडघे टेकले. कडेचे जमिनीचे पापुद्रे उभे उठलेले, दुमडलेले. अगदी तसेच. त्याने एक खडा जिभेवर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मीठ गोड लागलं.

"ये घूस हाय," आवडा म्हणाली.

"घूस मीठ आनते का?"

"आनलं आसंल."

पंढरीने मात्र त्याला पेचात धरलं. "मीठ जमिनीतून वर येतं, तर माज्या घरात कसं नाय आलं? सगल्या गावात तुलाच कसं गावलं?" गोविंदा दोन दिवस विचारात पडला आणि तिसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला. तो डोंगर वाळवंटात टिकतो, कारण तिथे पाऊस नाही. आपल्याकडे येत असेल, पण पहिल्याच पावसात विरघळून जात असेल. "आन माज्या घरात पाऊस येत नाय," तो म्हणाला, "मी छप्पर एकदम चांगलं शाकारलंय."

झालं, गर्दी लोटली. बाळकुमची माणसं आली, कळव्याची आली. बायका डोंगराला हळदकुंकू वाहू लागल्या. गोपीनाथ दारात उभा राहून, आपण गोधडीखालचं मीठ होतो तेव्हापासूनचा इतिहास सांगू लागला. कोणी खडा मोडून नेला, तो ठाण्याच्या बाजारात दाखवला, आणि बाजारातून बातमी गेली मिठाच्या चौकीवर.

चौकीवरून त्र्यंबकराव आले, दोन शिपाई घेऊन. नौपाड्याचे गृहस्थ, मिठावरचे सरकारकून, म्हणजे मिठाचा कण न्‌ कण सरकारचा आहे की नाही हे पाहणारे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. त्यांना आम्लपित्ताचा त्रास होता, वेळेवर जेवण लागायचं, आणि या घटकेला नौपाड्यात पान वाढलेलं असणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी डोंगराला वाकून पाहिलं, चाखलं आणि उपरणं झटकून ओट्यावर बसले.

"हे पहा गोविंदा," ते म्हणाले, "मीठ तुम्ही केलं असेल तर तो गुन्हा आहे. परवान्याशिवाय घरात मीठ पिकवलं म्हणून तुम्हांला तुरुंगात जावं लागेल."

"मी नाय केलं सायेब. त्ये आपलं आपून आलं."

"मग तर जास्तच कठीण. आपोआप आलेलं मीठ सरकारचं. म्हणजे ही जागा मिठाची खाण झाली आणि खाणीत कोणाला राहता येत नाही. घर सरकारजमा होईल."

गोविंदाने आवडाकडे पाहिलं. बायजा पहिल्या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात यायची होती. बाजेची जागा चुलीच्या उबेला, डोंगराच्या पलीकडे, आवडाने कधीच सारवून ठेवली होती.

"तिसरा मार्ग आहे," त्र्यंबकराव आवाज उतरवून म्हणाले. "घरात ओलीने खारट पांढरा लोणा धरतो, ते मीठ नव्हे. तुम्ही थापाडे आहात, डोंगर वगैरे सगळी तुमची थाप आहे, असं कबूल करा. मी लोणा म्हणून लिहितो आणि जातो."

आता बघा गंमत. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस जन्मभर झुरला ती आज सरकार स्वतः दारात येऊन मान्य करत होतं, आणि ती हा नाकारील तरच घर वाचणार होतं. गोविंदाच्या डोळ्यांपुढे तो तांबडा डोंगर होता, तो म्हातारा होता. मग बाजेची जागा दिसली. त्याने तोंड उघडलं.

"सायेब, मी खोटारडा हाय. मी हुरमूझला कवाच गेलू नाय."

त्र्यंबकरावांनी लेखणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. ते चिंतेत पडले. "पण खोटारडा माणूस जर म्हणाला मी खोटारडा आहे, तर ते खरं कसं धरायचं? वरचे साहेब मला हेच विचारतील. गावातले चार जण बोलवा. यांनी सांगितलं की तुम्ही नामांकित खोटारडे आहात, की काम झालं."

गोविंदाच्या जिवात जीव आला. चारच? या एका बाबतीत तर अख्खं माजिवडं साक्षीला येईल, कोलशेतही येईल.

राघो पाटील आले. त्र्यंबकरावांनी विचारलं, हा माणूस कसा आहे? पाटलांनी एकदा शिपायांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. सरकारचा माणूस गावात येऊन गावातल्या माणसाबद्दल विचारतोय, म्हटल्यावर काय बोलायचं असतं हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होतं. आपलं माणूस आपसांत कितीही फाडावं, पण परक्यापुढे त्याचा सदरा उसवायचा नाही.

"गोविंदा?" पाटील म्हणाले. "त्याचा सबुद म्हंजे सोनं."

"पाटील!" गोविंदा कळवळला.

"घाबरू नको रे, आमी हाव ना," पाटलांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

मग पंढरी. पंढरीने जन्मभर याची टिंगल केली होती, तेव्हा गोविंदाने मोठ्या आशेने त्याच्याकडे पाहिलं. पंढरी छाती काढून उभा राहिला. "सायेब, मिठाचा डोंगर हाय. मी सोताच्या डोल्यांनी पायलाय."

"तुम्ही हुरमूझला गेला होता?"

"नाय. मगरीवरनं पायला. मगर उंच व्हती."

त्र्यंबकरावांनी पोटावर हात दाबून धरला. गोपीनाथला विचारलं, तर तो हात जोडून म्हणाला, "सायेब, त्ये मीठ म्हंजे मीच," आणि शिपायांनी त्याला ओढून बाजूला घेतलं तरी गोधडी आणा, दाखवतो, असं सांगत राहिला. गोविंदा प्रत्येकाच्या हातापाया पडत होता, सांगा रे, खोटारडा म्हणा, रोज म्हणता तसंच म्हणा. तो जितका रडकुंडीला येई तितका गाव त्याच्या पाठीशी जास्त घट्ट उभा राही. सरकारच्या धाकाने बिचारा स्वतःला खोटारडा म्हणतोय, असं समजून बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

आता एकच साक्ष उरली. आवडा चुलीपाशी उभी होती. गोविंदाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं. हिला शिकवायची गरज नव्हती. रोज सकाळी उठल्यापासून जे म्हणते तेवढं एकदा म्हणायचं, की घर वाचलं, बायजाची बाज वाचली.

"बाई," त्र्यंबकराव जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "तुमचे यजमान खोटं बोलतात ना?"

आवडाने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिने डोंगराकडे पाहिलं, बाजेच्या जागेकडे पाहिलं. खाली मान घालून बसलेल्या गोविंदाकडे पाहिलं. मग सरकारकुनाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "बायजाचा बापूस खोटं बोलत नाय. कवाच बोलला नाय."

घर गेलं. भोवती काटेरी कुंपण आलं, दारावर पाटी आली आणि आत डोंगराची राखण करायला एक शिपाई राहू लागला. तो रात्री डोंगराला उशी करून निजायचा. छप्पर शाकारायचं काम त्याचं नसल्याने त्याने ते केलं नाही, तेव्हा पुढच्या पावसात मीठ वाहून गेलं आणि घूसही दुसरीकडे गेली. पण डोंगर नाही असं कळवण्याची सोय कुठेच नव्हती. राखण पुढे कित्येक वर्षं चालू राहिली.

गोविंदाला राघो पाटलांनी आपल्या वाडीत जागा दिली. माडाच्या झावळ्यांचा झाप घालून झाला, शेतातली तांबडी माती आणून पसरली, आणि दोघं नवराबायको एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती तुडवू लागले. बायजाचं येणं चार दिवसांवर आलं होतं. घर गेल्याचं दुःख गोविंदाला होतंच. पण त्याच्या आत दुसरं काहीतरी इतकं भरून आलं होतं, की तोंड उघडलं तर सांडेल अशी त्याला भीती वाटत होती. शेवटी राहवलं नाही.

"म्हंजे तुला पटलं व्हतं," तो म्हणाला. "एवऱ्या वर्सांत बोलली नायस."

"काय पटलं?"

"डोंगराचं. मीठ खालनं वर येतं, खडक वाकवतं त्ये."

आवडा थांबली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू उन्हाने याचं डोकं फिरलं असावं.

"खडक वाकतो म्हनं! मना काय येर लागलंय? ती घूस व्हती."

"मंग सायबाम्होरं तसं कसं बोललीस? घर गेलं ना आपलं!"

"त्यो कोन माजा, त्याच्याम्होरं मी तुमाला खोटारडं बोलू?" आवडा म्हणाली आणि पुन्हा टाच उचलली. "पाय द्या नीट. त्या कोपऱ्यात अजून कच्चं हाय, खोटारडं मानूस."